दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं?

मिक्सर नेहमीपेक्षा वेगळा आवाज करायला लागला, की तो आधी आपल्याच कानांना कळतो. कुकरची शिट्टी अडली, फ्रीज रात्री जास्त घरघरला, गॅसची ज्योत पिवळी पडली, सगळं आपल्या बरोबर लक्षात येतं. पण हेच कान घेऊन आपण गाडीत बसलो आणि म्हटलं, ‘अहो, गाडी काहीतरी वेगळी वाटतेय,’ तर उत्तर ठरलेलं असतं, ‘तुझं आपलं काहीतरीच!’ बॉनेटखालचं जग हे अजूनही पुरुषांचं खातं आहे. मैत्रिणींनो, आज मी त्या खात्यात थोडी लुडबूड करणार आहे. कारण प्रश्न बॅटरीचा असला, तरी तो शेवटी आपल्या घराच्या हिशेबावर आणि दुसऱ्याच्या घराच्या सुखावर येऊन थांबतो.

हायब्रीड गाडी म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्हींवर चालणारी. ब्रेक लावताना किंवा घाट उतरताना जी ताकद एरवी वाया जाते, ती ही गाडी बॅटरीत साठवते आणि सिग्नलवरून निघताना वापरते. जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात प्रियस विक्रीला आली आणि अशा गाड्यांचा खरा जमाना सुरू झाला. आपल्याकडे २००८ मध्ये सिव्हिक हायब्रीड, २०१० मध्ये प्रियस आणि २०१३ मध्ये कॅमरी हायब्रीड आली. तेव्हा या गाड्या श्रीमंतांच्या होत्या. आज त्याच पिढीतल्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाती येऊन मध्यमवर्गाच्या दारात उभ्या आहेत. नेमक्या आता त्यांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या आहेत.

आमच्याकडेही २०१४ सालची अशी एक गाडी आहे. २०१९ मध्ये आम्ही ती वापरलेली घेतली. चालवते मुख्यतः मीच. आठवड्यातून दोनदा त्र्यंबकच्या बाजूच्या पाड्यांवरून गरोदर बायकांना तपासणीसाठी नाशिकला आणणं-सोडणं, हे माझं काम. पेट्रोल पदरमोड करून भरते, म्हणून वहीत प्रत्येक लिटरचा हिशेब असतो. त्या वहीनंच मला पहिल्यांदा सांगितलं, की लिटरला सतरा-अठरा किलोमीटर जाणारी गाडी तेरावर आली आहे. पाठोपाठ बाकीच्या खुणा दिसू लागल्या. बॅटरीच्या रेघा पाच मिनिटांत भरायच्या आणि तेवढ्याच झटपट उतरायच्या. मागच्या सीटजवळचा पंखा जोरात फिरायला लागला. सिग्नलला शांत बसणारं इंजिन मधेच सुरू व्हायचं. आणि मग एप्रिलच्या उन्हात एक दिवस समोर लाल त्रिकोण लागला.

सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, ‘मॅडम, मोठी बॅटरी बदला.’ आकडा ऐकून आमच्या ह्यांनी खुर्चीच धरली. गाडी विकली तर जेवढे पैसे येतील, त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च! दुसऱ्या एका मेकॅनिकनं सांगितलं, ‘वहिनी, एकच सेल गेलाय, तेवढा बदलतो.’ खर्च दहा टक्केसुद्धा नाही, पण गॅरंटी लिहून द्यायला मात्र तो तयार नव्हता. तिसरा सल्ला एका गाड्यांच्या दलालाचा. तो म्हणाला, ‘ताई, खर्च कशाला करता? मशीन लावून कोड पुसतो, दिवा जाईल. चार-आठ दिवस तरी लागणार नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक आणतो.’

गिऱ्हाईक त्याच्याकडे तयारही होतं. एक नर्सबाई, रात्रपाळीला जाण्यासाठी चांगली, कमी पेट्रोल खाणारी गाडी शोधत होत्या.

मैत्रिणींनो, तुम्हाला वाटेल यात विचार करण्यासारखं काय आहे? पण लेकीच्या इंजिनिअरिंगची फी जूनमध्ये भरायची होती. आमचे हे काही वाईट माणूस नव्हेत. ते एवढंच म्हणाले, ‘जुनी गाडी आहे, घेणारा बघून घेतोच की. सगळेच असं करतात.’ हे ‘सगळेच करतात’ फार सोयीचं वाक्य आहे. त्याची उशी करून झोप चांगली लागते. मी म्हटलं, ‘आपण घेताना आपल्याला कुणी असं केलं असतं तर?’ दोन दिवस घरात बोलाचाली बेताचीच होती.

त्या दोन दिवसांत मी काय ते नीट समजून घेतलं. या गाड्यांची मोठी बॅटरी म्हणजे एक डबा नसतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसचंच उदाहरण घ्या. तिच्यात अठ्ठावीस छोटे भाग एकापुढे एक जोडलेले असतात आणि सगळे मिळून दोनशे व्होल्टच्या वर दाब तयार करतात. विहिरीपासून घरापर्यंत बायकांची रांग लावून घागरी पुढे द्यायच्या, तसंच हे. रांगेतली एक बाई दमली, की सगळी रांग तिच्याच गतीनं चालते. एक भाग अशक्त झाला की पूर्ण बॅटरी अशक्त. मग तो एकच बदलला तर? बदलतात, आणि गाडी चालतेही. पण नवा गडी जुन्या दमलेल्यांच्या रांगेत उभा राहतो. बाकीच्यांचं वय तेवढंच असल्यानं आज एक गेला तर काही महिन्यांनी दुसरा जातो. म्हणून एखादा भाग बदलण्याची दुरुस्ती वाईट नाही, पण ती तात्पुरती आहे, हे माहीत असून करावी.

कोड पुसणं ही मात्र दुरुस्तीच नव्हे. ताप आलेल्या पोराचा थर्मामीटर झटकून ठेवल्यासारखं ते आहे. पारा खाली जातो, ताप तिथेच राहतो. आणि तो ताप नंतर कुणाच्या घरी चढतो? रात्री अकराला ड्युटीवर निघालेल्या बाईच्या.

मला तेवढं पुरलं. आम्ही दलालाला नाही म्हटलं.

मग पुढे काय केलं, तेही सांगते, कारण ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते. ‘बॅटरी गेली’ एवढ्यावर मी थांबले नाही. प्रत्येक भागाचा दाब किती आहे, त्याचा कागद मागितला. आधी कुरकुर झाली, पण मिळाला. दोन भाग सरळसरळ खाली होते आणि बाकीचेही फार बरे नव्हते. बॅटरी थंड ठेवणारा पंखा उघडायला लावला, त्यात धूळ आणि केसांचा हा एवढा गोळा! उष्णता ही या बॅटरीची मोठी वैरीण आहे. पंखा साफ केल्यावर आवाज कमी झाला, पण आकडे सुधारले नाहीत. तेव्हा कुठे खात्री पटली. ओटा नवा करायचा म्हणून ठेवलेली ठेव मोडली आणि लेखी वॉरंटीसह पूर्ण नवी बॅटरी घातली. लेकीची फी सुरक्षित राहिली, माझा ओटा तेवढा लांबला. पाड्यांवरच्या फेऱ्या चालू आहेत.

प्रत्येकीनं हेच करावं असं माझं म्हणणं नाही. गाडीचा वापर कमी असेल, तर दोष स्पष्ट सांगून, तो कागद हातात देऊन, कमी किमतीत विकणं हा अगदी सरळ मार्ग आहे. दुरुस्त करून वापरणारा घेणारा मिळतो. चार पैसे कमी येतील, पण ते आपले असतील.

तुम्ही घेणाऱ्या असाल, तर रंग आणि सीटकव्हरवर भाळू नका. गाडी तासभर तरी चालवा, जमलं तर चढावर न्या, रेघा कशा हलतात ते पाहा. सर्व्हिसची जुनी बिलं मागा. अधिकृत केंद्रात बॅटरीची तपासणी स्वतःच्या पैशानं करून घ्या. आणि गाडी मुळीच सुरू होत नसेल, तर लगेच घाबरू नका. या गाड्यांत साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते. पुष्कळदा तीच उतरलेली असते आणि तिचा खर्च आपल्या आवाक्यातला असतो. मोठ्या बॅटरीला मात्र गल्लीतल्या कुणालाही हात लावू देऊ नका. नारिंगी रंगाच्या तारा दिसल्या, की त्यातला दाब जीव घेऊ शकतो हे लक्षात ठेवा.

एक शेवटचं. जुनी बॅटरी काढली, तेव्हा एक भंगारवाला चांगले पैसे द्यायला तयार होता. आतल्या निकेलला भाव असतो. पण ती फोडणार कोण? हातोडी घेऊन बसलेलं एखादं कोवळं पोरच ना? २००१ चे जुने नियम जाऊन २०२२ मध्ये देशात बॅटरी-कचऱ्याचे नवे नियम आले. त्यानुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करून तिची नीट वाट लावायची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि ती योग्य ठिकाणी देण्याची आपली. मी ती सेंटरलाच दिली आणि पावती घेतली. कुणी टाळाटाळ केली, बिल दिलं नाही, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तो वापरायला लाजू नका.

आपण बायका भाजीवालीकडे एक वांगं किडकं निघालं तर परत द्यायला जातो, आणि ते बरोबरच आहे. मग आपल्या दारातून जाणारी वस्तूही तशीच निवडून, पारखून जायला हवी. घरातल्या माणसांशी दोन दिवस अबोला धरावा लागला, तरी चालेल.