मळलेल्या इंजिनाच्या बाजूने

दुकानातून आणलेल्या कोऱ्या करकरीत मॉडेल इंजिनावर मुद्दाम मळ चढवायचा असतो, हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग किंमत विचारतात. किंमत ऐकली की हसू मावळतं. "एवढे पैसे घालून वर घाण लावायची?" हा प्रश्न मला ऑफिसातही विचारला गेलाय आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवरही. पायऱ्यांवर त्याला 'इसराफ' म्हणतात, ऑफिसात 'हौसेला मोल नाही' म्हणतात. दोघांनाही एकदाच सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा लेख. माझं मत असं आहे की या छंदात जी काही अक्कल लागते ती त्या घाणीतच लागते. आणि आपल्या मोहल्ल्यांतल्या माणसांनी तर ती घाण इतरांपेक्षा जास्त निरखून पाहावी.

आधी छंदाबद्दल थोडं. हा शौक मुळात अमेरिका-युरोपातला. तिथलं सर्वांत चालणारं माप 'एचओ', म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. सतरा मीटरचं डिझेल इंजिन या मापात साधारण वीस सेंटिमीटरचं होतं. ॲथर्न कंपनीची निळ्या खोक्यातली स्वस्त इंजिनं अमेरिकेत कित्येक वर्षं घरोघरी चालली. त्यांच्यावरचे बारीकसारीक भाग एकतर प्लास्टिकच्या अंगातच ओतलेले असत, नाहीतर नसतच. हौशी माणूस ते उठाव पात्याने तासून काढतो, एक तृतीयांश मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडतो आणि त्यात पितळी तारेचे धरायचे दांडे वाकवून बसवतो. मग ब्रेकच्या नळ्या, हॉर्न, वायपर. याला डिटेलिंग म्हणतात. काम जिकिरीचं आहे, पण समोर चांगला फोटो आणि हात स्थिर असला की जमतं.

अवघड प्रश्न त्यानंतर येतो. हे इंजिन किती वर्षं कामावर आहे, कुठल्या मुलखात धावतंय आणि त्याची निगा कोण राखतंय? याचं उत्तर रंगाने आणि पावडरीने द्यायचं, ते वेदरिंग. कॅलिफोर्नियातल्या माँटेरीचे जॉन ॲलन या कामातले अगदी सुरुवातीच्या उस्तादांपैकी. पेशाने छायाचित्रकार, त्यामुळे सावली आणि मळ यांतला फरक त्यांना कळत होता. 1973 मध्ये ते वारले आणि थोड्याच दिवसांत त्यांचा सगळा लेआउट आगीत गेला. उरले ते फोटो, पण त्या फोटोंवर पुढच्या पिढ्या शिकल्या. (याच गंभीर माणसाने आपल्या रेल्वेत शंटिंगला एक डायनॉसोर ठेवला होता, तेही सांगून टाकतो.)

मळ काय काय सांगू शकतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे सदर्न पॅसिफिक ही अमेरिकेतली जुनी रेल्वे. तिची डिझेल इंजिनं करडी, तोंड तेवढं लाल. शौकीन त्याला 'ब्लडी नोज' म्हणत. सिएरा नेवाडाच्या डोंगरात तिची वाट बोगद्यांतून आणि बर्फ अडवणाऱ्या लांबलचक छपरांखालून जायची. चार-पाच इंजिनं एकापाठोपाठ जोडून आत शिरली की पुढच्यांचा धूर छताशी साठायचा, आणि मागची तोच तापलेला धूर आत ओढून दमायची. म्हणून 1970 च्या दशकात खास इंजिनं बनवून घेतली गेली. त्यांच्या रेडिएटरला हवा घेणाऱ्या जाळ्या वर न ठेवता खाली, चालायच्या फळीच्या उंचीवर ठेवल्या. त्यांना 'टनेल मोटर' असं नाव पडलं. पुढे कंपनीची ओढाताण वाढत गेली आणि इंजिनं धुणं मागे पडत गेलं. 1996 मध्ये युनियन पॅसिफिकने ही रेल्वे गिळली, तोवर तिची इंजिनं काजळीने माखलेली असणं ही तिची ओळखच झाली होती. आता या टनेल मोटरचं मॉडेल कुणी लख्ख ठेवत असेल तर त्याने डोंगर पुसला, बोगदे पुसले आणि कंपनीचा ताळेबंदही पुसला. राहिला फक्त रंग.

पण याच्या उलटचा अतिरेक मला जास्त खटकतो. गंज हा नवशिक्यांचा फार लाडका. नारिंगी रंग घेतात आणि सगळीकडे फासतात. चालू डिझेल इंजिन असं गंजत नाही. त्याचं अंग रंगाने आणि तेलाने झाकलेलं असतं. गंज शोधायचा असेल तर धुराड्याच्या तोंडाशी शोधा, जिथे उष्णतेने रंग जळून गेलाय. खाली चाकांच्या सांगाड्यावर, म्हणजे बोगीवर (आपल्याकडे डब्याला बोगी म्हणतात, ती नव्हे) जो तपकिरी थर दिसतो, तो बराचसा ब्रेकचा असतो. बिडाचे ब्रेक ब्लॉक चाकावर घासतात, त्याचा भुगा उडतो, तो बसतो आणि तपकिरी होतो. डिझेल भरायच्या तोंडाखाली टाकीवर काळा, ओलसर, चमकणारा ओघळ असतो आणि त्याच्या कडांना धूळ चिकटलेली असते. रेडिएटरखाली पाणी सुकल्याचे पांढुरके ओघळ. बफरच्या तोंडावर ग्रीसचा काळा गोल. यातली प्रत्येक खूण वेगळ्या कामातून आलेली आहे, आणि म्हणून प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. ब्रश उचलण्याआधी "हे इथे का आलं?" असं विचारता आलं नाही, तर तिथे ब्रश लावू नये, एवढा एकच नियम मी पाळतो.

कारखान्यातूनच मळवून आलेली मॉडेलं हल्ली मिळतात. ती मी घेत नाही. शेकडो इंजिनांवर एकाच जागी एकसारखा ओघळ, ही नक्षी झाली.

खर्चाचं म्हणाल तर या सगळ्या शौकात मळच सर्वांत स्वस्त. पेस्टल खडू किसून केलेली भुकटी, थोडे ऑइल कलर, टर्पेंटाइन, जुना ब्रश आणि शेवटी चमक मारणारं मॅट वार्निश. काळा रंग मात्र शुद्ध काळा कधी वापरायचा नाही. इतक्या लहान वस्तूवर तो भोकासारखा दिसतो. त्यात करडा मिसळायचा. इसराफवाल्यांनी हिशेब करायचा तर इंजिनाच्या किमतीचा करावा, वरच्या घाणीचा नको.

आता आपल्याकडे येऊ. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची आल्को ही इंजिनं बनवणारी कंपनी 1969 मध्ये बंद पडली, तेव्हा तिचंच एक इंजिन वाराणसीच्या कारखान्यात जोरात तयार होत होतं. डब्ल्यूडीएम-2. पहिली 1962 मध्ये अमेरिकेतून आली, 1964 पासून वाराणसीत बनू लागली, आणि 1990 चं दशक संपत येईपर्यंत अडीच हजारांहून जास्त झाली. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. चालकाने दट्ट्या वाढवला की डिझेल लगेच वाढायचं, पण टर्बोची हवा यायला क्षण-दोन क्षण लागायचे. तेवढ्यात काळा धूर भप्पकन बाहेर. ज्यांनी पुणे-मिरज मार्गावर गाडी सुटताना पाहिलीय त्यांना ते सांगायला नको. आणि हे इंजिन दोन्ही तोंडांनी धावायचं, लांब नाक पुढे करूनही. त्यामुळे काजळी एकाच बाजूला ओढलेली दाखवली की समजावं, मॉडेल करणाऱ्याने पुस्तक अमेरिकेचं वाचलंय.

माझे मरहूम मामू घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. नमाजची वेळ झाली की त्यांचा अर्धा वेळ वजूच्या आधीच जायचा. ग्रीसचा थर कातडीवर राहिला तर पाणी खाली पोचत नाही आणि वजू होत नाही. म्हणून रॉकेलमध्ये भिजवलेल्या कॉटन वेस्टने हात चोळायचे, मग साबणाची भुकटी, मग नखांच्या कडा काडीने. "रंग राहिला तर चालतो, थर राहता कामा नये," असं ते म्हणायचे. डाग आणि थर यांतला हा फरक मला मॉडेलवर काम करताना रोज उपयोगी पडतो. धुराचा डाग असतो, ग्रीसचा थर असतो. एकाला पातळ रंग लागतो, दुसऱ्याला जाड आणि चमकदार.

पण मामूंमुळे कळलेली मोठी गोष्ट दुसरीच. इंजिनावर माणसाच्या हाताच्या खुणा ठरावीक जागी असतात. केबिनच्या दाराच्या कडीभोवती काळपट वर्तुळ असतं. चढायच्या दांड्यांवर हात लागतो तिथला रंग जाऊन लोखंड उघडं पडतं आणि घासून घासून चमकतं. पायऱ्यांच्या मधोमध रंग उडालेला. इंजिनाच्या लांब नाकाला बाजूने जी दारं असतात, त्यांतलं कुठलं दार वारंवार उघडलं जातं ते त्याच्या कडेच्या बोटांवरून ओळखू येतं, आणि मग आतलं काय वारंवार बिघडतं तेही. एवढ्याशा मॉडेलवर या खुणा काढणं शक्य आहे. चांदीचा रंग ब्रशवर घेऊन जवळजवळ पुसून टाकायचा आणि उरलेला दांड्यावर हलकेच ओढायचा.

इथे माझं आपल्याच काही शौकीन मित्रांशी वाजतं. त्यांना भारतीय इंजिनं लखलखीत हवी असतात. "परदेशी लोक पाहतात, आपली रेल्वे घाणेरडी कशाला दाखवायची?" एचओ रुळांची रुंदी 16.5 मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजच्या हिशेबाने ती 19 च्या वर हवी. म्हणजे खालचे रूळच जवळपास तीन मिलिमीटर खोटे आहेत. ते या मित्रांना चालतं, ब्रेकचा भुगा चालत नाही. या आग्रहामागे लाज आहे असं मला वाटतं, आणि ती लाज रेल्वेची नाही. मळ दाखवला की तो कुणाच्या अंगाला लागला हे विचारावं लागतं. आमच्या भागात गॅरेज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आमचीच पोरं येतात, काळ्या हातांची. शिकून वर आलेल्या घरांना ते चित्र नकोसं होतं. मामूंच्या नातवाला आजोबा काय करायचे विचारलं तर "रेल्वेत होते" एवढंच सांगतो. सांगू दे. मी इंजिनावर त्यांची बोटं काढून ठेवलीत.

बोटं काढतो, माणूस बसवत नाही. या मापात माणूस दोन सेंटिमीटरचा. केबिनमध्ये चालक बसवावा की नाही यावर आपल्यात तसवीरचा प्रश्न निघतोच. चित्रं काढून पोट भरणाऱ्या एकाला इब्ने अब्बास यांनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढायचा सल्ला दिल्याची रिवायत बुखारीत आहे. दुसरीकडे हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांची रिवायतही सर्वांना ठाऊक आहे. आलिमांनी काय ते ठरवावं. माझी केबिन रिकामी आहे याचं कारण साधं आहे: प्लास्टिकचा तो ठोकळा पाहिला की इंजिन ओस वाटतं, आणि झिजलेला दांडा पाहिला की आत्ताच कुणी उतरून चहाला गेलंय असं वाटतं.

एक अडचण मात्र खरी आहे. आपण खरं इंजिन फलाटावरून पाहतो, म्हणजे बाजूने किंवा खालून. मॉडेल टेबलावर असतं, म्हणून ते वरून दिसतं. सर्वांत जास्त दिसणारा भाग म्हणजे टप, आणि टपाचे फोटो जवळजवळ कुणी काढलेलेच नसतात. विद्युतीकरण झपाट्याने झालंय, कोकण रेल्वेवरही 2022 मध्ये सगळीकडे तारा आल्या. जुन्या डब्ल्यूडीएम-2 भंगारात गेल्या, आणि संग्रहालयात किंवा स्टेशनबाहेर चौथऱ्यावर ज्या ठेवल्यात त्यांना नवा रंग फासलाय. तेव्हा तुमच्या घरी कुणी शेडमध्ये, पॉइंटवर, लोको पायलट म्हणून कामाला असेल, तर जुन्या अल्बममध्ये एकदा बघा. पादचारी पुलावरून घेतलेला, मागे कुठेतरी इंजिन आलेला, लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटोसुद्धा चालेल. वऱ्हाड कापून पाठवलंत तरी हरकत नाही, मला धुराड्याभोवतीचा जळका रंग कुठपर्यंत जातो तेवढं पाहायचंय.