बातमीमागचे विज्ञान कोण सांगणार?



दहावीचा निकाल लागला की 'पुढे काय?' हा प्रश्न उभा राहतो. तुमच्यापैकी काहींना वृत्तपत्रात, आकाशवाणीवर, दूरचित्रवाणीत किंवा मोबाइलवर दिसणाऱ्या बातम्यांच्या क्षेत्रात काम करावेसे वाटत असेल. तसे बोलून दाखवताच घरून सल्ला मिळतो, "मग विज्ञान शाखा कशाला? उगाच गणिताशी झटापट!" हा सल्ला आम्हाला पटत नाही.

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस घ्या. गणपतीच्या मूर्ती दूध पितात, ही बातमी एका दिवसात देशोदेशी पसरली. देवळांपुढे रांगा लागल्या. दूध जाते कुठे, हा खरा प्रश्न होता. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिला, तेव्हा ते मूर्तीवरच पसरलेले दिसले. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून मूर्तीकडे ओढले जाते आणि मग पातळ थराने खाली ओघळते. एवढे विज्ञान ठाऊक असलेला वार्ताहर हा उलगडा त्याच दिवशी करू शकतो. नुसती शब्दांवर हुकमत असलेला मात्र रांगेचे वर्णन करून थांबतो.

विज्ञानातून माध्यमांकडे वळलेली माणसे आपल्याकडे आहेत. यशपाल हे विश्वकिरणांचे संशोधक. पण दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट' मालिकेत प्रेक्षकांच्या शंकांना उत्तरे देऊन ते घरोघरी पोचले. बाळ फोंडके यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधन केले आणि पुढे 'सायन्स टुडे' मासिकाचे संपादन केले. शिवाय ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रण ही कामे तर ध्वनी आणि प्रकाश यांच्या नियमांवरच चालतात.

अर्थात केवळ विज्ञान येऊन भागणार नाही. भाषा स्वच्छ हवी आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य हवे. आपला कल ओळखायचा असेल तर या महिन्यात एक प्रयोग करा. विज्ञानाशी संबंधित एखादी बातमी निवडा. हे कुणी मोजले? कसे मोजले? कशाशी तुलना केली? यांची उत्तरे शोधून पंधरा ओळी लिहा आणि आजीला वाचून दाखवा. तिला न कळलेला भाग पुन्हा लिहा. तिसऱ्यांदा लिहितानाही कंटाळा आला नाही, तर हे क्षेत्र तुमचे आहे असे समजा.

पत्रकारितेचे शिक्षण पदवीनंतरही घेता येते. विषयाचा पाया मात्र आताच घालावा लागतो. म्हणून बातमीच्या ओढीने विज्ञानाचे पुस्तक मिटू नका.