स्क्रीन नंतर, ईएसपी आधी



कोलकात्यात पोस्टिंग येऊन आता दीड वर्ष होत आलं. सिक्कीमला होतो तेव्हा बर्फावर लिहिलं, थंडीवर लिहिलं. इथे आल्यापासून गाववाले म्हणतात, दुर्गापूजेवर लिही, माछ-भातावर लिही. तेही लिहीन. पण आज विषय गाडीचा आहे आणि त्याला कारण आमच्या युनिटमधला एक पोरगा आहे.

पोरगा माण तालुक्यातला. सहा वर्षांची नोकरी झाली, लग्न झालं, दिवाळीच्या सुट्टीत घरी पहिली गाडी न्यायची म्हणतोय. परवा संध्याकाळी रोलकॉलनंतर मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, दोन गाड्यांत अडकलोय. एकीला ईएसपी आहे, पण स्क्रीन बारकी आणि साधे व्हील. दुसरीला मोठी स्क्रीन, अलॉय व्हील, मागं कॅमेरा, पण ईएसपी नाही. पैसे तेवढेच. ईएसपी म्हणजे नक्की काय असतं? शोरूमवाला म्हणाला, शहरात त्याचा काही उपयोग नाही."

शहरात उपयोग नाही! हे ऐकून मला गेल्या वर्षीचा वैशाख आठवला, आणि त्याला उत्तर म्हणून जे सांगितलं तेच इथे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: छोट्या गाडीत ही यंत्रणा चैन नाही, ती ब्रेकइतकीच गरजेची आहे.

वैशाखात बंगालमध्ये संध्याकाळी अचानक वादळ येतं, त्याला इथे कालबैशाखी म्हणतात. पाऊण तास धुवाधार पाऊस पडतो आणि थांबतो. कित्येक दिवस रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल त्या पहिल्या पावसात वर येतं. अशाच एका संध्याकाळी बायको आणि मुलीला घेऊन गरियाहाट बाजारातून परत येत होतो. माझी गाडी जुनी हॅचबॅक आहे. तिला एबीएस आहे, ईएसपी नाही. वेग चाळीस-पंचेचाळीस असेल. गाडीची उजवी चाकं ट्रामच्या रुळावर होती, डावी डांबरावर. पुढची ऑटो एकदम थांबली आणि मी ब्रेक दाबला.

कोलकात्यात ट्राम १८७३ साली घोड्यांवर सुरू झाली, १९०२ पासून विजेवर धावू लागली. आता तिचे बहुतेक मार्ग बंद पडले, पण रूळ कितीतरी रस्त्यांत अजून तसेच आहेत. ओलं लोखंड म्हणजे साबणच. माझ्या उजव्या चाकांना पकड जवळजवळ नव्हती, डाव्यांना होती. ब्रेक डावीकडे जास्त लागला आणि गाडीचं नाक डावीकडे वळलं. मी घाबरून स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. तेवढ्यात चाकं रुळावरून उतरली, त्यांना एकदम पकड मिळाली आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला. गाडी रस्त्यात आडवी झाली. ऑटोला लागलं नाही, मागून बस आली नाही, म्हणून आज हे लिहितोय. फुटपाथवरचा फळवाला एवढंच ओरडला, "दादा, आस्ते!" मुलगी मागच्या सीटवर गप्प बसली होती. घरी पोहोचेपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.

चूक माझी होती. सिक्कीममध्ये चाकांना चेन बांधून गाडी उतरवली, आणि शहरात ओल्या रुळावर जोरात ब्रेक मारला. पण दुसऱ्या दिवशी आमच्या एमटीच्या हवालदाराकडे गेलो. ते जुने उस्ताद, कितीतरी पोरांना त्यांनी गाडी शिकवली. त्यांनी चहाच्या टेबलावर खडूने चार चाकं काढली आणि मला समजावलं. ते माझ्या शब्दांत सांगतो.

गाडी रस्त्याला चारच ठिकाणी टेकते आणि प्रत्येक ठिकाणी टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग असतो. या चार तळहातांवर सगळं चालतं: पुढे ढकलणं, थांबणं आणि वळणं. एका टायरकडे पकड ठराविकच असते. ती सगळी ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही, सगळी वळायला दिली तर ब्रेकला उरत नाही.

एबीएसचं काम एवढंच की ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ नये. जाम झालेलं चाक घसरतं आणि स्टिअरिंगला दाद देत नाही. एबीएस चाक सोडतं, पुन्हा धरतं, असं सेकंदात अनेक वेळा करतं. पायाखाली पेडल थरथरतं ते यामुळेच. त्या वेळी घाबरून पाय उचलायचा नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल याच्या उलट बाजूचं काम करतं. ते ब्रेकच्या वेळी नाही, ॲक्सिलरेटरच्या वेळी जागं होतं. साध्या गाडीच्या डिफरन्शियलची खोड अशी की एक चाक चिखलात फुकट फिरू लागलं की दुसऱ्या, चांगल्या जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळत नाही. आमच्या मोठ्या गाड्यांत त्यासाठी डिफरन्शियल लॉक असतं. छोट्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनचा जोर कमी करतं, आणि बऱ्याच गाड्यांत फुकट फिरणाऱ्या चाकाला हलका ब्रेकही लावतं, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे जातो.

आणि ईएसपी, म्हणजेच ईएससी, स्थिरता सांभाळणारी यंत्रणा, या दोघांच्या वरची आहे. तिच्याकडे चारही चाकांचा वेग मोजणारे सेन्सर असतात, स्टिअरिंग किती फिरवलं हे सांगणारा सेन्सर असतो आणि गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय, बाजूला किती ढकलली जातेय हे मोजणारेही असतात. ती सतत एकच प्रश्न विचारत असते: चालकाला जिकडे जायचंय, गाडी तिकडेच चाललीय का? उत्तर नाही आलं की ती एकेकट्या चाकाला ब्रेक लावते. गाडीचं नाक वळणातून सरळ बाहेर जात असेल तर प्रामुख्याने आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला, शेपूट बाहेर पडत असेल तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. शिवाय इंजिनचा जोरही कमी करते. माणसाला एकच ब्रेक पेडल असतं, तो चार चाकांना चार वेगवेगळे ब्रेक लावूच शकत नाही. कितीही मोठा उस्ताद असला तरी नाही.

माझी गाडी गरियाहाटला आडवी झाली, तिथे हेच कामाला आलं असतं. शेपूट बाहेर पडायला लागताच पुढच्या एका चाकाला ब्रेक लागला असता आणि गाडी बहुधा सरळ राहिली असती. म्हणून शोरूमवाल्याचं बोलणं मला पटत नाही. पाऊस, रूळ, वाळू, सांडलेलं डिझेल, अचानक आडवा आलेला कुत्रा, या गोष्टी शहरातच जास्त भेटतात.

आता कुणी म्हणेल, हे महागड्या गाड्यांचं खूळ आहे. सुरुवात तशीच झाली. १९९५ साली बॉश आणि मर्सिडीझ यांनी ही यंत्रणा मोठ्या, महाग गाडीत आणली. पण ती छोट्या गाडीत आली ती एका फजितीमुळे. १९९७ साली मर्सिडीझने ए-क्लास ही छोटी गाडी काढली. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने तिची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखं मोठं जनावर आलं असं समजून गाडी झटकन डावीकडे, पुन्हा उजवीकडे काढायची. गाडी उलटली. जगभर नाचक्की झाली. कंपनीने गाडी सुधारली आणि त्या छोट्या गाडीच्या प्रत्येक मॉडेलमध्ये ईएसपी बसवून दिलं. म्हणजे छोट्या, उंच गाडीलाच याची जास्त गरज आहे, हा धडा पंचवीस वर्षांहून जुना आहे. आपल्याकडच्या छोट्या गाड्याही अरुंद आणि उंच असतात, आणि त्यांत पाच माणसं, वर टपावर सामान!

पुढे अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची केली, युरोपने २०१४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नव्या गाड्यांना. सक्ती करताना अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज होता की एकट्याच गाडीचे अपघात, म्हणजे घसरणं, उलटणं, झाडाला धडकणं, मोटारींमध्ये ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हीमध्ये ५९ टक्क्यांनी कमी होतील. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस सक्तीचं झालं. २०२३ मध्ये भारत एनकॅप आलं, त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी लागतं. पण ती चाचणी कंपनीच्या मर्जीवर आहे. माझं म्हणणं स्पष्ट आहे: एबीएसची सक्ती केली तशीच ईएससीचीही प्रत्येक मोटारीला करावी. हे न परवडणारं आहे, असं आता म्हणता येत नाही. २०२४ मध्ये ऑल्टो के-१० आणि एस-प्रेसोसारख्या अगदी खालच्या किमतीच्या गाड्यांतही ते सगळ्या व्हेरियंटना दिलं गेलं. सर्वांत स्वस्त गाडीत बसू शकतं, तर बाकीच्यांत का नाही?

पण दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी त्या पोराला फसवल्यासारखं होईल. ही यंत्रणा रस्त्याची पकड वाढवत नाही. जेवढी पकड उरलीय तेवढीच नीट वाटून देते. गणित करून बघा. कोरड्या डांबरावर घर्षण ०.७ धरलं तर ताशी ४० च्या वेगाने गाडी ब्रेक लागल्यावर साधारण ९ मीटरमध्ये थांबते, ६० ला २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर घर्षण ०.४ धरलं तर तेच आकडे १६ आणि ३५ होतात. त्यात तुमचा विचार करण्यातला एक सेकंद मिळवा, म्हणजे ४० ला अजून ११ मीटर, ६० ला जवळपास १७. हे कुठलंही बटण बदलत नाही. टायर गुळगुळीत झाला, पाण्यावर तरंगू लागला, तर ईएसपीच्या हातात काहीच उरत नाही. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसाळ्यात तिथपर्यंत वाट बघू नये.

सिक्कीममध्ये उस्ताद नव्या ड्रायव्हरला सांगायचे, चेन बांधली म्हणून बर्फ कमी होत नाही. ईएसपीलाही तेच लागू आहे. ते आहे म्हणून आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या वळणावर दहाने वेग वाढवला, तर ज्यासाठी पैसे दिले तेच आपण घालवून बसलो.

गाडी घेणाऱ्या जवानांसाठी थोडक्यात:

एक, शोरूममध्ये नाव विचारू नका, काम विचारा. कुणी ईएसपी म्हणतं, कुणी ईएससी, टोयोटा व्हीएससी म्हणते, होंडा व्हीएसए. वस्तू तीच. आणि आपण घेतोय त्याच व्हेरियंटमध्ये आहे का, हे लेखी बघा.

दोन, किल्ली फिरवल्यावर घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लागून विझला पाहिजे. चालताना लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय, म्हणजे वेग कमी करा. सतत लागून राहिला तर ती बंद आहे किंवा बिघडलीय, गॅरेजला दाखवा.

तीन, गाडी चिखलात किंवा वाळूत रुतली आणि जोरच घेत नसेल, तर बटण असल्यास ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरतं बंद करा. बाहेर निघालात की लगेच चालू करा.

चार, चारही टायर एका मापाचे ठेवा आणि हवा पंधरा दिवसांनी तपासा.

पाच, कोलकात्यात असाल तर रूळ शक्य तितके आडवे ओलांडा आणि रुळावर चाक असताना ब्रेक मारू नका.

हे सगळं ऐकून पोरगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, पण गावात लोक स्क्रीनच बघतात. ईएसपी कुणाला दिसणार?" त्याचं चुकत नाही. पहिली गाडी दारात उभी राहते तेव्हा अख्खी वाडी बघायला येते. मी त्याला म्हटलं, "बॉर्डरवर जॅकेट घालतोस ते कुणाला दाखवायला घालतोस का?" माझ्या नोकरीत सुट्टीवर गेलेला जवान रस्त्यावर गेल्याची बातमी एकापेक्षा जास्त वेळा ऐकलीय. शत्रूसमोर टिकलेला माणूस घराच्या वाटेवर जातो, तेव्हा युनिटमध्ये त्या रात्री कुणी जेवत नाही.

काल त्याने सांगितलं, ईएसपीवाली गाडी नक्की केली. स्क्रीन पुढच्या वर्षी बाहेरून बसवणार आहे म्हणे. बसव बाबा. माझी जुनी हॅचबॅकही मी या वर्षी बदलतोय. मुलगी अजून पावसात मागच्या सीटवर बसली की आधी पट्टा लावते आणि मग मला विचारते, "बाबा, रूळ आहेत का पुढे?"

जय हिंद.