नाताळचं खेळणं दसऱ्याला सांगा

डिसेंबर लागला की मोखाड्याकडे येणाऱ्या गाड्या वाढतात. सूर्यमाळ हे जुन्या ठाणे जिल्ह्यातलं, आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यातलं, थंड हवेचं ठिकाण. पहाटे शेकोटीशिवाय अंगणात बसवत नाही. काही मंडळी नुसती फिरायला येतात, काही मात्र पाड्यांवरच्या मुलांसाठी काहीतरी घेऊन येतात. नाताळच्या आठवड्यात एखादा तरुण लाल टोपी आणि कापसाची दाढी लावून उतरतो, पोतडीतून खेळणी काढतो. पोरं आधी घाबरतात, मग गराडा घालतात. मनापासून आलेली माणसं असतात ती. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यावी असं मला कधी वाटलं नाही.

पण पोतडीत काय असतं, ते बचत गटाच्या कामानं तिकडे जाणं होतं म्हणून मी पाहिलं आहे. सेलवर चालणाऱ्या मोटारी, दिवे लागणाऱ्या बंदुका, कळ दाबली की इंग्रजीत गाणारी बाहुली. संक्रांतीपर्यंत त्यातलं निम्मंअधिक बंद पडलेलं असतं. सेल बाजारात मिळतो, नाही असं नाही. पण घरात मीठ-मिरचीचे पैसे मोजून वापरायचे, तिथे पोराच्या मोटारीत नवा सेल कोण घालणार?

खेळणी मोडतातच, त्याचं काही नाही. मला खटकतं ते वेगळंच. ज्या घराच्या ओट्यावर ती मोटार बंद पडते, त्या घरातला माणूस बांबूच्या कांबी काढून कणगी विणतो, इरलं बांधतो, भोपळ्याचा तारपा करून वाजवतो. पोरगं मोठ्या आशेनं मोटार त्याच्याकडे नेतं. तो ती उलटसुलट करून पाहतो, कानाशी हलवतो आणि काही न बोलता परत देतो. एवढा हुन्नरी बाप, पण पोराच्या डोळ्यांदेखत तो अडाणी ठरतो. आणि ठरवलं कुणी, तर आपण दिलेल्या भेटीनं!

बांबूची भिंगरी मोडली तर तोच बाप बोलता बोलता दुसरी करून देतो. चिंध्यांच्या बाहुलीचा हात उसवला तर आजी चार टाके घालते. हातानं केलेल्या खेळण्याची खरी किंमत मला इथे दिसते. ते ज्यानं केलं तो समोर असतो, मुलाला त्याचे हात दिसतात, आणि उद्या आपल्यालाही हे जमेल असं त्याला वाटतं. सात-आठ वर्षांचा मुलगा कोयतीनं कांब तासायला बसतोच. (आई ओरडते, ते वेगळं.)

हे मी काही नवीन सांगत नाही. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते करून दाखवलं. १९४५ साली बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं, पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरी पद्धतीची साधनं गावातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. मग त्यांनी बिया, खडे, शंख-शिंपले, पानं, काड्या, माती, चिंध्या अशा भोवतालच्या वस्तूंतूनच मुलांना खेळायला आणि शिकायला दिलं. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीची मुळं तिथे आहेत. पुण्याला ‘आयुका’त अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं काड्यापेटीच्या काड्या, झरणीच्या नळ्या, जुनी वर्तमानपत्रं यांतून विज्ञानाची खेळणी केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे मोठमोठ्यांनी मानलेली गोष्ट आहे ही, ‘परवडत नाही म्हणून’ केलेली तडजोड नव्हे.

इथे एक आडवा प्रश्न येतो आणि तो मला पाड्यावरच्याच एका मुलीनं विचारला. बारावी झालेली, बोलायला तिखट. म्हणाली, “ताई, तुमच्या पोरांना मोटारी आणि आमच्या पोरांनी बांबूशीच खेळायचं का?” बरोबर आहे तिचं. स्वतःच्या घरात रिमोटची मोटार आणायची आणि गरिबाच्या मुलाला परंपरेचं महत्त्व सांगायचं, हा शुद्ध दांभिकपणा आहे. तिच्या भावालाही चकचकीत मोटार हवीशी वाटते. वाटणारच!

म्हणून माझं म्हणणं उलटं आहे. हातची खेळणी पाड्यावर नेऊन वाटू नका, पाड्यावरून विकत घ्या आणि आपल्या घरातल्या मुलांना द्या. पाड्यावर न्यायचंच असेल तर चांगला रबरी चेंडू न्या, गोष्टींची पुस्तकं न्या. तिथे बांबू आहे, पुस्तकं नाहीत.

नाताळ आता फक्त ख्रिस्ती घरांचा सण राहिलेला नाही, हे आपण सगळ्याच जणी जाणतो. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेतसुद्धा सांताक्लॉज येतो. वर्गातल्या मुलांनी चिठ्ठ्या उचलून एकमेकांना भेट द्यायची पद्धत पडली आहे. मग २३ तारखेला संध्याकाळी आपण बाजारात धावतो आणि पन्नास-शंभर रुपयांत जे मिळेल ते चमकीच्या कागदात गुंडाळून आणतो. वसईकडच्या ख्रिस्ती मैत्रिणींकडे गेलं की मला याचं फार वाटतं. तिथे नाताळचा गोठा घरची माणसं हातानं मांडतात. गवत, माती, कागदाचे डोंगर, पोरांची रात्र रात्र लगबग. फराळाचं घरचं. गोव्यात बांबूच्या काड्यांची आणि कागदाची नखेत्रं घरोघरी करतात. सण सगळा हाताचा, आणि मुलांच्या हातात पडणारी भेट तेवढी प्लॅस्टिकची!

सूर्यमाळच्या परिसरात काय काय होऊ शकतं? भिंगरी, भोवरा, रानफळ ठासून उडवायची बांबूची नळी, दोरीनं ओढायची गाडी, मातीचे बैल, चिंध्यांची बाहुली, भातुकलीच्या इवल्या टोपल्या आणि सुपं. टोपल्या-सुपांवर तर माझ्या ओळखीतल्या मुली तुटून पडल्या. एक गोष्ट मात्र मागू नका. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले मुखवटे फार देखणे असतात आणि शहरातल्या माणसाला लगेच वाटतं, याची छोटी खेळणी करा की. ती देवाची सोंगं आहेत. त्यांची पूजा होते, मान असतो. ती पोरांच्या हाती द्यायची नाहीत.

पण हे सगळं डिसेंबरात मागून मिळणार नाही. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, वसई, कल्याणकडे. नाताळला लाल टोपीवाला पाड्यावर येतो तेव्हा त्यातली बरीच मुलं तिथे नसतातच. ती भट्टीवर आई थापते त्या विटांच्या शेजारी चिखलाचे बैल करत बसलेली असतात. वसईतल्या गोठ्यांपासून काही फार लांब नाही!

खेळण्यांमुळे स्थलांतर थांबेल असलं काही मी म्हणणार नाही. भट्टीवाल्याची उचल घेतलेली असते, ती भिंगऱ्या विकून फिटत नाही. पण दसऱ्याच्या सुमाराला मागणी आली, थोडे पैसे आगाऊ मिळाले, तर एखाद्या बाईला ‘यंदा मी पोरांना घेऊन इथेच राहते’ असं म्हणायला आधार मिळतो. मुलाची शाळा तेवढी तुटत नाही. विक्रमगडकडच्या आदिवासी बायकांनी केलेल्या बांबूच्या राख्या आणि आकाशकंदील शहरात जातात. मग नाताळची खेळणी का जाऊ नयेत? सावंतवाडीची लाकडी खेळणी टिकली, कारण ती विकत घेणारी माणसं राहिली.

बांबूलाही वेळ लागतो. तोडलेला बांबू काही दिवस पाण्यात ठेवावा लागतो, नाही तर भुंगा लागून पीठ पडतं. मग सावलीत वाळवायचा, कांबी काढायच्या, कुसळ राहू नये म्हणून घासायच्या. हे काम २३ डिसेंबरला फोन करून होत नाही.

भावाचं म्हणाल तर घासाघीस करू नका. मॉलमध्ये आपण छापील किंमत मुकाट देतो आणि टोपली विणणाऱ्या बाईला म्हणतो, “बांबूच तर आहे, फुकटचा.” बांबू फुकट असेल, तिचा दिवस फुकटचा नाही.

बचत गटांतल्या बायकांनाही एक सांगायचं आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. त्यातून हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे. तेव्हा आधी ती नोंदणी करून घ्या, म्हणजे उद्या शाळेनं किंवा दुकानदारानं मोठी मागणी दिली तर अडायला नको.

आणि मागणी देणाऱ्या मैत्रिणींनो, मुलाचं वय जरूर सांगा. तीन वर्षांखालच्या बाळासाठी बिया, मणी लावलेलं काही नको, तोंडात जातं. रंगही नको, गुळगुळीत घासलेलं लाकूड पुरे. पाचशे नगांची मागणी एका घराला देऊ नका, चार-पाच घरांत वाटून द्या. सगळी खेळणी एकसारखी येणार नाहीत, ते आधीच धरून चाला. एकीची गाय लांबट असेल, दुसरीची बुटकी. आणि शक्य झालं तर मुलाला बरोबर घेऊन या. करताना बघू दे त्याला.