आधी मोजणी, मग फवारणी

पिकावर कीड दिसली की पंप खांद्यावर घ्यायचा, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही हिशेब असावा लागतो, याचाच विसर पडला आहे. लसूणघासाच्या बाबतीत हा विसर अधिक घातक ठरतो. हा चारा कापला की हिरवाच गाईम्हशींपुढे पडतो. त्यावरील औषधाचा अंश दुधात उतरू शकतो. म्हणून हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नाही. दूध विकत घेणाऱ्या प्रत्येक घराचा आहे.

या संदर्भात कॅलिफोर्नियाचा अनुभव उद्बोधक आहे. १९५४ साली तेथील लसूणघासावर ठिपक्यांचा मावा आला आणि जहाल औषधांचा मारा सुरू झाला. माव्यावर जगणारे ढालकिडे व अन्य मित्रकीटक त्यात बळी पडले. मावा मात्र काही वर्षांतच औषधाला दाद देईनासा झाला. अखेर परदेशांतून परोपजीवी कीटक आणून सोडण्यात आले आणि औषधांचा वापर निवडक व बेताचा झाला. स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडलेल्या एकात्मिक नियंत्रणाच्या विचाराला या अनुभवाचा आधार होता. कीड दिसणे म्हणजे नुकसान होणे नव्हे, हे त्याचे सार. तेथील मार्गदर्शनानुसार या माव्यासाठी वसंतात काडीमागे ४०, तर उन्हाळ्यात २० ही फवारणीची मर्यादा मानली जाते.

महाराष्ट्रातील हवामान व किडी वेगळ्या असल्याने हे आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पद्धत मात्र घेता येईल. रोज लागेल तेवढाच घास कापणारा येथील लहान शेतकरी मित्रकीटकांना नकळत आसरा देतच असतो. उणीव आहे ती जाणत्या आणि निःस्वार्थ सल्ल्याची. ज्याचा नफा औषधाच्या खपावर अवलंबून आहे, त्याच्याच दुकानात फवारणीचा निर्णय होणार असेल, तर मोजणीचा आग्रह धरणार कोण? कृषी विद्यापीठे, कृषी खाते आणि दूध संघ यांनी ही जबाबदारी उचलली पाहिजे. बांधावर योग्य वेळी मिळालेला एक सल्ला औषधाच्या अनेक डब्यांचा खर्च वाचवील आणि दुधाची शुद्धताही राखील.