आधी तेर, मग पॉम्पेई

दिवाळी अंक म्हटला की त्यात युरोपचे एक तरी प्रवासवर्णन असायचेच. फराळाच्या ताटात शंकरपाळे असावेत तसे. लेखक विमानातल्या जेवणाला नावे ठेवतो, रोमच्या कारंज्यात नाणे टाकतो, पॉम्पेईच्या राखेपुढे उभा राहून आयुष्य क्षणभंगुर असल्याचा शोध लावतो आणि तिथल्या रस्त्यांची तारीफ करीत मुंबईला उतरतो. (नेपल्सचे रस्ते स्वच्छ म्हणणाऱ्याने नेपल्स बसच्या काचेतूनच पाहिले असावे.) असले लेख मी वडवणीत बसून वर्षानुवर्षे आवडीने वाचले. आता मात्र माझे त्यांच्याशी भांडण आहे, कारण मीही तिकडे जाऊन आलो.

आमची सहल दक्षिण इटली आणि सिसिलीची. मंडळी सगळी मराठी. पॉम्पेईला दीड तास मिळाला आणि पोवळ्यांच्या दुकानात सव्वा तास. बायकांनी पोवळी घेतली, पुरुषांनी भाव पाडून मागितले, वाटाड्याने आपली दलाली घेतली असावी. पण तिथे सांगण्याजोगी जी एकच गोष्ट होती ती कोणी सांगितली नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये, भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहे. प्लिनी तर म्हणतो की रोमन बायकांना हिंदी मोत्यांचे जितके वेड, तितकेच हिंदी पुरुषांना पोवळ्याचे. म्हणजे आमचे जोशीबुवा पत्रिकेतल्या मंगळासाठी बोटात घालायला सांगतात त्या खड्याची वाट दोन हजार वर्षांची जुनी! आम्ही ती वाट तुडवीत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सहलीला रामराम ठोकून एकटाच नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात गेलो. तिथे एक कक्ष आहे, 'गुप्त कक्ष' म्हणतात त्याला. शृंगारिक वस्तू तिथे ठेवलेल्या. सहकुटुंब आलेल्यांना तिकडे कोण नेणार? त्या कक्षात वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई उभी होती. गळ्यात हार, हातभर बांगड्या, दोन बाजूंना दोन दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने गाव गाडले तेव्हा ती पॉम्पेईतल्या एका घरात होती. १९३८ साली सापडली. लोक तिला लक्ष्मी म्हणतात, जाणकार यक्षी म्हणतात. तिच्यावर खरोष्ठी अक्षर आहे, म्हणून ती घडली कुठे याबद्दल विद्वानांचे एकमत नाही. पण १९७३ साली जालना जिल्ह्यात भोकरदनला उत्खनन झाले तेव्हा तिच्याच वळणाची हस्तिदंती मूर्ती निघाली, आणि तिची आणखी एक बहीण तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. वडवणीहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी तिच्यापुढे उभा राहू शकतो. मी उभा राहिलो होतो का? नाही. नेपल्समध्ये मला तिची ओळख पटली ती पुस्तकातल्या फोटोवरून, आणि त्याची मला लाज वाटली.

पेरिप्लस सांगतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजेच आपले तेर. पैठणहून मौल्यवान दगड, तगरहून मलमल आणि जाडेभरडे कापड, सगळे बैलगाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. नकाशावर पैठण-तेर अशी पट्टी ठेवा, ती आमच्या बीड जिल्ह्यावरून जाते. याच मुलखातून आज दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेले कोयते, पोरेबाळे, भांडीकुंडी घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांचे प्रवासवर्णन कोणता संपादक मागतो?

यावर काही जण छाती फुगवून म्हणतील, पाहा, आम्ही रोमचे सोने लुटत होतो, प्लिनीच रडतो आहे की हिंदुस्थान दर साली पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. या फुशारकीचाही मला तितकाच कंटाळा आहे. पैसा मधल्या हातांनी किती खाल्ला आणि सूत कातणाऱ्या बाईच्या पदरात काय पडले, हे प्लिनीला ठाऊक नव्हते आणि आम्ही विचारत नाही.

माझे म्हणणे निराळेच आहे. सिसिलीत सिराक्यूजच्या कॅथेड्रलच्या भिंतीत अथेनादेवीच्या देवळाचे जाडजूड डोरिक खांब अजून उभे आहेत. देवी गेली, तिच्या घरात मेरी राहायला आली. आमच्या बसमधल्या एका गृहस्थांनी यावर ''यांचं सगळंच असं गोंधळाचं'' असा निकाल दिला. या गृहस्थांनी तेरचे त्रिविक्रमाचे देऊळ पाहिले असते तर? विटांचे, पाठीमागून अर्धगोल असे ते देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह होते असे विद्वान सांगतात. आज तिथे विष्णू आहे आणि त्याच गावात गोरोबाकाकांची समाधी. ज्याने हे पाहिले त्याला सिराक्यूजचा खांब ओळखीचा वाटला असता, आणि त्याने तिथे दहा मिनिटांऐवजी दोन तास मागितले असते. बारा दिवसांत दहा शहरे हा प्रवास नव्हे, ही मोजदाद झाली.

परवा आमच्या गल्लीतले मास्तर, निवृत्तीचा पैसा हाती आलेला, सहलीचे रंगीत पत्रक घेऊन आले. ''इटलीत काय काय बघू?''

''मास्तर, रविवारी तेरला चला.''

''तेरला काय आहे?''

मी पोवळ्यापासून सुरुवात केली. बोटातली अंगठी फिरवीत ते ऐकत राहिले. रविवारी निघतो आहोत. भाकरी त्यांची, ठेचा माझा.