गाळ, पूर आणि पाखरे

पक्षिनिरीक्षण हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा विरंगुळा आहे, अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांत अजूनही दृढ आहे. मोर्चा, सत्याग्रह आणि शिबिर यांच्या धबडग्यात दुर्बीण गळ्यात अडकवून बांधावर बसणारा माणस आपल्याला काहीसा परका वाटतो. ही समजूत निदान गोदाकाठी तरी टिकणारी नाही. येथे पाखरांचा प्रश्न पाण्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, आणि पाण्याचा प्रश्न हा सत्तेचाच प्रश्न असतो.

गेल्या हिवाळ्यात सायखेड्याचे काही स्नेही, त्यांची मुलेबाळे आणि आमचे कुटुंबीय असे आम्ही सारे भल्या पहाटे चापडगावच्या पाणथळीवर गेलो होतो. धुके विरले तसे पाणी जागे झाले. हिमालय ओलांडून आलेले चक्रवाक, चिखल चाळणारे थापटे, लांब शेपटीची तलवार बदके, उथळ पाण्यात चोच फिरवणारे चमचे आणि काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी! या शेवटच्या पक्ष्याचे नाव ऐकून मुले हरखली. त्यांना रांगेने पोहताना पाहिले की हे नाव ठेवणाऱ्या अनामिक खेडुताच्या रसिकतेला दाद द्यावीशी वाटते. सोबतचा एक शेतकरी मित्र मात्र शांतपणे म्हणाला, "सर, पाखरं ज्या गाळावर उतरतात, त्याच गाळापायी आमच्या घरात पाणी शिरतं."

या एका वाक्यात सारा पेच आला. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा ब्रिटिश अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहाता भागात ऊस फुलवला. बंधाऱ्यामागे दशकानुदशके गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या आणि माणसाने न योजलेली पाणथळ निर्माण झाली. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत समावेश जाहीर झालेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ. दुसरीकडे, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात समोरासमोर वसलेली सायखेडा व चांदोरी ही गावे पाण्याखाली गेली. बंधाऱ्यातील गाळामुळे फुगवटा वाढतो, तेव्हा गाळ काढा, ही तेथील लोकांची जुनी मागणी आहे. ती न्याय्य आहे. उथळ दलदल टिकली पाहिजे, ही पक्षिमित्रांची मागणीही तितकीच रास्त आहे.

मग भांडण कोणाचे कोणाशी? पाखरांचे शेतकऱ्याशी, असे चित्र रंगवणे सोयीचे असते, कारण त्यात तिसरा पक्ष झाकला जातो. हा गाळ वरच्या उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवरून येतो. वाढत्या नाशिकचे सांडपाणी याच पात्रात उतरते, त्यावर पाणवेली पोसल्या जातात आणि पुरात त्या सायखेड्याच्या पुलाला अडकून पाण्याला बांध घालतात. अर्थशास्त्र यास बाह्य परिव्यय म्हणते. साध्या मराठीत, लाभ एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा. शहराचा शुद्धीकरणावरचा वाचलेला पैसा खालच्या गावांच्या भिजलेल्या धान्यातून वसूल होत असतो. अभयारण्यामुळे मासेमारीवर बंधने येतात, तो भारही किनाऱ्यावरचा कोळीच वाहतो.

कायद्याची तऱ्हा तर याहून विलक्षण. २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळले. नांदूर मधमेश्वरला अभयारण्याचे व रामसरचे कवच आहे. पण महाराष्ट्रातील शेकडो पाझर तलाव व बंधारे, जिथे हीच पाखरे उतरतात, ते या नियमांपुरते उघडेच आहेत.

आपण काय करावे? पहिली गोष्ट, पुराचे पाणी वाहून नेणारा मुख्य प्रवाह गाळमुक्त करावा, कडेची उथळे राखावीत आणि हे काम विणीचा हंगाम टाळून व्हावे. दुसरी, पाणवेली पावसाळ्यापूर्वी काढण्याचे काम रोजगार हमीतून द्यावे. हाताला काम, शेताला खत आणि पुलाला मोकळीक, तिन्ही साधतात. तिसरी, शुद्ध न केलेले सांडपाणी नदीत सोडणाऱ्यांकडून भरपाई घेऊन ती पूरग्रस्त गावांना मिळावी. चौथी आणि मुख्य, पाणथळीच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यावर काठच्या ग्रामसभांचा अधिकार मान्य व्हावा; त्यात शेतकरी, कोळी आणि भूमिहीन स्त्रिया यांना स्थान असावे.

निसर्गरक्षण वरून लादले की ते लोकांना शत्रूचे वाटते, आणि लोकांचा प्रश्न निसर्गाला वगळून सोडवला की तो दुप्पट होऊन परत येतो. सायखेड्याच्या पोरांना वारकरी ओळखता आला पाहिजे आणि पावसाळ्यात निर्धास्त झोपताही आले पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच जाहीरनाम्यात मावतात. त्या मांडण्याचे काम आपले आहे.